मदत हवी आहे: कावीळ झालेल्या भाच्याच्या मेंदूला सूज, मुंबईला हलवावे का?

तळ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. इस्पितळात आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

भाचा, वय 19, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. बारा दिवसांपूर्वी ताप, उलट्या. चार दिवसांनी डोळे पिवळे, रक्तात हिपॅटायटिस ए निघाला. कावीळ पथ्याने बरी होते हे आमच्याकडे प्रत्येकाला पाठ. पेज, आटवल, उसाचा रस आणि गळ्यात काविळीची माळ. माळ लांबली की कावीळ उतरते म्हणतात, ती लांबत गेली तशी ताई सुखावली. पोरगा दिवसभर झोपायचा. "झोपू दे गं, लिव्हरला विश्रांती हवी," असं मीच म्हटलं. रात्री मात्र टक्क जागा. परवा संध्याकाळी मला विचारतो, "मामा, आपली चवथ झाली ना?" चवथीला (गणेश चतुर्थीला) अजून बारा दिवस आहेत. आम्ही हसलो. तासाभरात त्याने आईला ढकललं, शिव्या दिल्या (हा मुलगा मोठ्याने बोलत नाही कधी) आणि पहाटे हाक मारली तर उठेना.

आता व्हेंटिलेटरवर आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, नॉर्मल 1 च्या आसपास) 6.2, अमोनिया 210. डॉक्टर म्हणतात मेंदूला सूज येतेय आणि लिव्हर ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या ठिकाणी न्या. पण सिटी स्कॅन नॉर्मल आहे! ताई एकच विचारतेय, डोक्याला मार नाही, आजार पोटातला, मग सूज डोक्यात कशी? मला उत्तर देता येत नाही. आणि या अवस्थेत 600 किलोमीटर न्यायचं कसं? इथेच दोन दिवस वाट बघावी, असं भावोजी म्हणतात.

निवृत्त_सिस्टर:
भाऊ, आधी तुमच्या ताईंसाठी. आतड्यात तयार होणारा अमोनिया लिव्हर साफ करतं. लिव्हर एकदम बसलं की तो रक्तातून मेंदूत जातो. तिथल्या काही पेशी त्याचं ग्लुटामिन करतात, ते पेशीतच साठतं आणि पाणी ओढून घेतं. भिजत घातलेल्या चण्यासारख्या पेशी फुगतात. चणे भांड्याबाहेर येतील, कवटी मात्र सगळीकडून बंद. दाब वाढत गेला की मेंदू खाली सरकतो, आणि भीती त्याचीच.

दिवसा झोप आणि रात्री जाग ही अमोनिया मेंदूत चढल्याची एक पहिली खूण. मी तीस वर्षं आयसीयूत काढली, तरी माझ्या सासूबाईंच्या वेळी मलाही ती आधी कळली नव्हती. स्वतःला बोल लावू नका.

रानातला_वैद्य:
अजून वेळ गेलेली नाही. आमच्या सत्तरीत एक जण पाल्याचा रस देतात, नाकात दोन थेंब, कावीळ उतरतेच.

निवृत्त_सिस्टर:
@रानातला_वैद्य बेशुद्ध माणसाच्या नाकात थेंब? रस थेट फुप्फुसात जाईल. कृपा करून इथे नको.

डॉ_पायपीट:
पोटविकारतज्ज्ञ आहे, पण रुग्ण मी पाहिलेला नाही हे लक्षात ठेवून वाचा.

सिटी नॉर्मल असणं दिलासा नाही. सुरुवातीची सूज त्यात दिसत नाही. तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला करतात. म्हणून दर तासाला टॉर्चने बाहुल्या बघतात, काही ठिकाणी डोळ्यावर सोनोग्राफी करून मागच्या नसेचं आवरण किती फुगलंय ते मोजतात. दाब मोजायला कवटीत तार घालता येते, पण आयएनआर 6 असताना तिनेच रक्तस्राव होण्याची भीती. स्टेरॉईडचा या सुजेला उपयोग नाही, नातेवाईक नेहमी विचारतात. रक्त वाहत नसेल तर प्लाझ्मा (रक्त गोठवणारा, रक्तातला द्रव भाग) उगाच देत नाहीत, कारण मग आयएनआरवरून लिव्हर कुठे चाललंय ते कळत नाही.

करायचं ते हे: डोकं 30 अंश वर, मान सरळ, पूर्ण गुंगी, सोडियम 145 ते 150, गरज पडल्यास मॅनिटॉल (मेंदूतलं पाणी ओढून काढणारं औषध), अमोनियासाठी संथ डायलिसिस. काही केंद्रांत प्लाझ्मा एक्स्चेंजही (रुग्णाचा प्लाझ्मा काढून दुसरा भरणं) करतात.

आता हलवण्याचं. पिवळेपणापासून सात दिवसांच्या आत शुद्ध हरपली, म्हणजे हा अतिजलद प्रकार. गंमत (वाईट शब्द आहे) अशी की यात सूज सर्वात जास्त येते, पण लिव्हर आपोआप सावरण्याची शक्यताही तुलनेने बरी असते. तरीही वाट बघायची तर ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये बघा. दाब वाढून दोन्ही बाहुल्या मोठ्या झाल्यावर निघून काही हाती लागत नाही. श्वासाची नळी आधीच घातली आहे, ते प्रवासासाठी बरंच. वाटेत साखर तासातासाला तपासायला सांगा, या रुग्णांची ती अचानक कोसळते.

तळ्याकाठचा:
डॉक्टर, सिस्टर, आभार. चणे म्हटल्यावर ताईला समजलं. निघायचं ठरलंय, विमानाची ॲम्ब्युलन्स बघतोय. दात्याचं काय करायचं? त्याचा गट ओ, ताईचा बी, भावोजींचा ए, धाकटी बहीण 16 वर्षांची. ओ फक्त मी आहे. मामा चालतो ना?

अस्मिता_पेडणे:
चालतो, पण कागदांत अडकतो. आमच्याकडे काकांनी दिलं तेव्हा कळलं. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, मुलं, भावंडं, नवराबायको, आणि नंतरच्या दुरुस्तीने आजीआजोबा व नातवंडं. काका-मामा त्यात नाहीत. प्राधिकार समितीची परवानगी लागते. विमानात बसायच्या आधीच तिथल्या समन्वयकाला फोन करून मामा दाता आहे हे सांगा, म्हणजे समितीची तयारी सुरू होईल. ताईचा आणि तुमचा जन्मदाखला, दोघांच्या आईवडिलांची नावं जुळणारे कागद, रेशनकार्ड, घरातल्या समारंभाचे जुने फोटो, सगळं मूळ प्रतींत. तुमची बायको असेल तर तिलाही न्या, समिती तिच्याशी बोलते. आमची काकू गावात राहिली होती, त्यात एक पूर्ण दिवस गेला.

डॉ_पायपीट:
आणि दारू पूर्ण बंद. हसू नका, दात्यांना सांगावं लागतं.

तळ्याकाठचा:
(तीन दिवसांनी) मुंबईत आहोत. प्लाझ्मा एक्स्चेंज दोनदा झालं, डायलिसिस सुरू. अमोनिया 96, आयएनआर 3.4 आणि तोही प्लाझ्मा थांबवून एक दिवस झाल्यावरचा. बाहुल्या सारख्या. माझ्या तपासण्या झाल्या, समितीसमोर फोटो म्हणून गेल्या वर्षीचा माटोळी (चवथीला गणपतीवर टांगतात ती फळांची सजावट) बांधतानाचा दिला, त्यात तो माझ्या खांद्यावर उभा आहे. परवानगी आली, पण डॉक्टर म्हणाले उद्या सकाळचा आयएनआर बघून ठरवू, कदाचित तुमची गरज पडणार नाही. मला बरं वाटावं की वाईट तेही कळत नाहीये. माळ ताईने अजून पिशवीत ठेवलीय.

परळ किंवा दादरला तीन माणसांसाठी पंधरा दिवस खोली मिळेल का? जिना फार नको, ताईचे गुडघे दुखतात.