टेस्ट पास झाल्या म्हणून मर्ज करू नका

ताई, अ‍ॅझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधलं व्हर्च्युअल नेटवर्क दुसऱ्या सबस्क्रिप्शनमध्ये (वेगळ्या खात्यात) हलवल्यावर रोल, म्हणजे कोणाला काय करता येईल त्या परवानग्या, परत देणारी स्क्रिप्ट आहे, रिव्ह्यूत काय बघू असं तुम्ही विचारलंय, आणि वर एकांनी सांगितलं की टेस्ट पास झाल्या की मर्ज करून, म्हणजे मुख्य कोडमध्ये घालून टाका. मला ते अजिबात पटत नाही. मूव्ह केलं की रिसोर्सचा, म्हणजे इथे नेटवर्कचा, आयडी बदलतो, थेट त्याच्यावर दिलेले रोल सोबत जात नाहीत, त्यामुळे रोलची यादी मूव्हच्या आधीच काढून ठेवलीये ना ते पहिलं बघा.

खरी गोम ती यादी काढण्यात आहे. अ‍ॅटस्कोप फिल्टर (दिलेल्या पातळीच्या खालचे रोल गाळणारा) लावला असेल तर सबनेटवरचे, म्हणजे नेटवर्कच्या आतल्या भागांवरचे, रोल येतच नाहीत, आणि अ‍ॅप टीमला जॉइनची (सबनेटला जोडण्याची) परवानगी बऱ्याचदा नेमकी सबनेटवरच दिलेली असते. उलट नेटवर्क ज्यात ठेवलंय त्या रिसोर्स ग्रुपवरून वारशाने आलेले रोल मात्र त्याच यादीत येतात, ते सरसकट कॉपी केले तर नुसता जुन्या ग्रुपमुळे अ‍ॅक्सेस असलेल्याला आता नेटवर्कवर थेट रोल मिळतो, आणि हे कुठलीच टेस्ट पकडत नाही कारण सगळं चालूच असतं! आमच्या हिंजवडीच्या टीममध्ये म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीचा स्कोप (रोल नेमका कुठे दिलाय ते) तपासणारी अट नसेल तर अ‍ॅप्रूव्हल देतच नाही.

कस्टम (स्वतः बनवलेले) रोल असतील तर त्यांच्या असाइनेबल स्कोपमध्ये, म्हणजे ते कुठे देता येतात त्या यादीत, नवं सबस्क्रिप्शन आहे का तेही बघा. स्क्रिप्ट परत चालवल्यावर आधीच असलेल्या रोलसाठी 409 हा 'आधीच आहे' असा एरर येतो, तेवढ्यावरून ती मध्येच थांबायला नको. आणि पीअरिंग, म्हणजे दोन नेटवर्कमधली जोडणी, मूव्हआधी काढावं लागतं, ते परत जोडणाऱ्या अकाउंटला दोन्ही नेटवर्कवर हक्क लागतात.