डर्बी : चुरस, ईर्षा की भाऊबंदकी?

मंडळी, एक शब्द अडलाय. रविवारी रात्री दहाला मँचेस्टर डर्बी आहे, म्हणजे मँचेस्टरच्याच दोन फुटबॉल क्लबांची मॅच, युनायटेड विरुद्ध सिटी, आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत क्लबहाउसला मोठ्या पडद्यावर दाखवायची ठरलीय, तर बोर्डावर लावायची नोटीस लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं (का तर म्हणे तू मराठी मीडियमचा). मी लिहिलं, "मँचेस्टर डर्बी, रविवार, रात्री १०". संध्याकाळी बघतो तर खाली सेक्रेटरीकाकांच्या अक्षरात पेनाने लिहिलेलं, "घोडे दाखवणार का?"

काकांचं काही चुकलं नाही. त्यांच्या पिढीला डर्बी म्हटलं की कॅम्पातलं रेसकोर्स, पावसाळी सीझन आणि पूना डर्बी. मग मी खोडून "स्थानिक प्रतिस्पर्ध्यांमधील लढत" लिहिलं, तर बी विंगमधलं एक पोरगं विचारायला आलं, दादा आपल्या सोसायटीची मॅच आहे का, मला घ्या ना टीममध्ये.

म्हणजे अर्थ बरोबर, आणि तरी शब्द साफ फसला. कारण डर्बी ही काय नव्वद मिनिटांची गोष्ट नसते हो. माझ्या समोरच्या गॅलरीतला मित्र सिटीवाला आहे, मी युनायटेड. त्याने बुधवारपासून निळी जर्सी दोरीवर वाळत घातलीय. धुतलेली नाही, मी बघितलंय, कॉलर मळकी आहे. रोज सकाळी चिमटे काढून नीट करतो आणि नंबर माझ्या खिडकीकडे येईल अशी परत लावतो. आता ह्या सगळ्या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं? शब्द सुचवा, नोटीस परवापर्यंत बदलायचीय.

पेठकरी
आधी उच्चाराचं बघा. इंग्लंडात डार्बी म्हणतात, अमेरिकेत डर्बी. आपण इंग्लंडची मॅच अमेरिकन उच्चारात बघतो.

आता घोड्यांचं. काका बरोबर आहेत, आधी घोडेच होते. १७८० साली एप्सम इथे बाराव्या अर्ल ऑफ डार्बीच्या नावाने शर्यत सुरू झाली. किस्सा असा सांगतात की नाव कोणाचं द्यायचं ह्यावर अर्ल आणि त्याचा दोस्त सर चार्ल्स बनबरी ह्यांनी नाणं उडवलं आणि बनबरी हरला. पहिली शर्यत मात्र बनबरीच्याच डायोमेड नावाच्या घोड्याने मारली. नाणं उलटं पडलं असतं तर रविवारी तुम्ही मँचेस्टर बनबरी बघत बसला असता.

चहाबाज
हाहा, बनबरी म्हणजे बेकरीतला काहीतरी आयटम वाटतो.

पण दुसरी पण एक उपपत्ती सांगतात बरं का, आणि मला तीच जास्त आवडते, खरी असो नसो. डार्बीशायरमधे ॲशबोर्न नावाचं गाव आहे, तिथे दरवर्षी दोन दिवस अख्खं गाव एका बॉलमागे धावतं. हेनमोर म्हणून ओढा आहे, त्याच्या एका बाजूला जन्मलेले ते अपर्ड्स, दुसऱ्या बाजूचे डाउनर्ड्स, आणि दोन गोल एकमेकांपासून तीन मैलांवर, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर! आता अपर्ड्स डाउनर्ड्स म्हणजे काय हो, आपली वरची आळी आणि खालची आळीच की. माझ्या आजोळी वरच्या आळीची पालखी आधी की खालच्या आळीची ह्यावरून जे चालायचं ते बघता मला तरी ॲशबोर्न परकं वाटत नाही.

माझं मत "आळीची लढत".

मुक्काम पुणे ३८
आळी आता राहिलीय कुठे. "चुरशीचा सामना" लिहा, पेपरात तेच छापतात, विषय संपला.

धागाकर्ता
नाही ना संपत. चुरस म्हणजे दोघं तोडीस तोड, निकाल शेवटपर्यंत लागत नाही, बरोबर? आता २३ ऑक्टोबर २०११ आठवा (मला न आठवलेलं बरं, पण असो). ओल्ड ट्रॅफर्डला, आमच्याच घरात, सिटीने ६-१ मारलं. त्यात चुरस कुठे होती? पण डर्बी होती, आणि असली होती की समोरचा गॅलरीवाला आजही लिफ्टमध्ये भेटला की सहा नंबरचं बटण दाबतो. तो चौथ्या मजल्यावर राहतो.

म्हणजे चुरस मैदानावर असते आणि शिट्टी वाजली की संपते. मला पाहिजे तो शब्द मॅचच्या आधी चार दिवस सुरू होणारा आणि नंतर चौदा वर्षं न संपणारा आहे.

मुक्काम पुणे ३८
मग "हाडवैर".

धागाकर्ता
हाडवैरी माणसाकडे आपण इडलीचं पीठ मागायला जात नाही. माझी आई त्याच्या आईकडे जाते.

मावशी
अरे मुलांनो, "भाऊबंदकी" कोणालाच कसं आठवलं नाही? मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण आमचा मुलगा लिव्हरपूलवाला, त्याने एकदा जेवताना सांगितलेली गोष्ट लक्षात राहिली. ॲनफील्ड हे मैदान मूळचं एव्हर्टनचं. जागामालकाशी भाड्यावरून वाजलं, हौल्डिंग का कोणसे गृहस्थ होते, तर १८९२ मधे एव्हर्टन बिऱ्हाड उचलून बागेपलीकडे गुडिसन पार्कला गेलं. मैदान पडलं रिकामं. मग त्या मालकाने काय करावं, मैदानासाठी नवा क्लबच काढला, तो लिव्हरपूल! बाईसाहेबांनी वाडा सोडला म्हणून दुसरी बायको आणली, त्यातला प्रकार. पुढे एकशेतीसच्या वर वर्षं दोघं हाकेच्या अंतरावर नांदले, एव्हर्टन आत्ता २०२५ मधे कुठे गोदीकाठच्या नव्या स्टेडियमला गेलं. घरात निम्मे लाल निम्मे निळे अशी कुटुंबं तिथे असतात म्हणे. ही भाऊबंदकी नाही तर काय?

पेठकरी
मावशी, दंडवत. पण बारीक हरकत घेतो. भाऊबंदकीत वाटणी असते, कोर्ट असतं, आणि मुख्य म्हणजे त्यात मजा नसते. माझ्या घरात वीस वर्षं चालू आहे, मी सांगतो. लिव्हरपूलला चपखल, सगळीकडे नाही.

मिलानला मात्र सवतीमत्सर म्हणा हवं तर. एसी मिलान १८९९ चा क्लब, त्यातून फुटून १९०८ मध्ये इंटर निघाला, आणि दोघी अजून एकाच घरात राहतात. एसीवाले त्या घराला सान सिरो म्हणतात, इंटरवाले आवर्जून ज्युसेप्पे मेआत्सा म्हणतात. आणि तो मेआत्सा पठ्ठ्या दोन्हीकडून खेळलेला.

चहाबाज
ह्यावरून आठवलं, सिटीवाले युनायटेडला काय टोमणा मारतात माहितीय का, की तुमचं ओल्ड ट्रॅफर्ड मँचेस्टर महापालिकेत येतच नाही, ते ट्रॅफर्डमधे आहे. खरंय ते, हद्द वेगळी आहे. म्हणजे थोडक्यात पिंपरी-चिंचवड.

चिंचवडकर
हे बरं आहे, शब्द फुटबॉलचा आणि लाथा आम्हाला. कोथरूड तरी कुठे पुण्यात होतं, पेठेतल्या लोकांना विचारा.

पेठकरी
विचारायची गरज नाही. नव्हतंच.

धागाकर्ता
बघा, हेच, आत्ता तुमच्या दोघांत जे झालं ना त्यालाच शब्द पाहिजे!!

रंकाळा
नमस्कार, मूळ कोल्हापूर, सध्या नोकरीसाठी वाकड. दोन दिवस वाचतोय आणि हसू येतंय, म्हणजे पुण्यात शब्द शोधतायत आणि आमच्यात तो रोज वापरून गुळगुळीत झालाय. ईर्षा.

आमच्याकडं शाहू स्टेडियमला पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की आठवडाभर आधी पेठेत एकच वाक्य, "यंदा टोकाची ईर्षा हाय भावा". टीमची नावं बघा, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, सगळी कुस्तीची घरं, फुटबॉल त्याच अंगणात वाढला. तर पेठेची म्हणून जी रग असते ती ईर्षा. ईर्षेनं खेळला म्हणजे जीव तोडून खेळला, ही शाबासकी आहे. आणि मॅच झाली की ज्याच्याशी ईर्षा त्याच्याच गाडीवर डबलसीट बसून मिसळ खायला जायचं.

मावशी
ईर्षा म्हणजे जळणं ना पण? आमच्या शाळेत तरी ईर्ष्या म्हणजे मत्सर, दुर्गुण, असंच शिकवलं.

रंकाळा
ताई, पुस्तकातली ईर्ष्या तीच, संस्कृतातली. ती एकट्याने होते, मनातल्या मनात, आणि लपवायची असते. आमची ईर्षा करायला दोघं लागतात आणि ती चौकात बोर्ड लावून करायची असते. तुमच्याकडे इरेला पेटणे म्हणतातच की, चव त्याचीच.

धागाकर्ता
रंकाळाभाऊ, जिंकलात. इरेला पेटणे आम्ही म्हणतो खरं, पण आमच्याकडे त्यात माणूस पेटतो आणि बाकीचे त्याला आवरतात, ईर्षेसारखी अख्खी पेठ त्यात नसते. आणि इथे आमची पुण्याची एक दुखरी जागा आहे बघा. आमच्याकडे फुटबॉलची अशी पेठेची मुळं धरायच्या आतच क्लब उठले. बालेवाडीत एका सीझनला, २०१४-१५ ला, आय-लीग ह्या देशपातळीवरच्या स्पर्धेत पुणे एफसी आणि भारत एफसी असे दोन क्लब होते, म्हणजे खरीखुरी पुणे डर्बी! मी गेलो होतो, स्टँडमध्ये आरामात पाय पसरून बसता येत होतं. पुढच्या सीझनला दोन्ही गायब. आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी २०१९ मधे बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली. मुंबई सिटीशी मॅच असली की त्याला महाराष्ट्र डर्बी म्हणायचे, पण दीडशे किलोमीटरवरच्या माणसाची जर्सी काय गॅलरीतून दिसत नाही.

पुण्यात ही ईर्षा आहे, नाही असं नाही, फक्त ती बॉलवर नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्यच्या बाहेर "आव्वाज कुणाचा" ऐका म्हणजे कळेल.

सॉल्ट लेक ते सदाशिव
उशिरा आले, पण एक भर. मी सहा वर्षं कोलकात्यात होते. तिथे मोहन बागान (१८८९) आणि ईस्ट बंगाल (१९२०). जुनी माणसं डर्बी म्हणतच नाहीत, "बडो मॅच" म्हणतात, म्हणजे मोठी मॅच, बास. कोणाशी, कुठे, काही सांगावं लागत नाही. १९९७ च्या फेडरेशन कपच्या सेमीफायनलला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये १,३१,७८१ लोक होते, बायचुंग भुतियाने हॅटट्रिक मारली आणि ईस्ट बंगाल ४-१ जिंकलं.

तिथे आधीचे दिवस बाजारात कळतात. मोहन बागानची कोळंबी, ईस्ट बंगालची हिलसा. माझी घरमालकीण घोटी, म्हणजे मोहन बागान, आणि मासेवाला बांगाल, म्हणजे ईस्ट बंगाल. मॅचच्या आदल्या दिवशी त्याने तिला न विचारता हिलसा तोलायला घेतली. ती काही बोलली नाही, शांतपणे पिशवीची तोंडं बंद केली आणि चालायला लागली. आम्ही त्या दिवशी अंडाकरी खाल्ली.

पेठकरी
वा! तो मासेवाला जे करत होता त्याला कुस्तीत शब्द आहे, खडाखडी. कुस्ती लागायच्या आधी पैलवान हाताला हात लावून एकमेकांचा अंदाज घेतात, अजून डाव नाही काही नाही. तेव्हा माझा प्रस्ताव, आधीचे चार दिवस ती खडाखडी, आतमध्ये असते ती ईर्षा. आणि ड्रॉ झाली तर ती बरोबरीत "सुटली" म्हणा, संपली नको. कुस्ती सुटते.

धागाकर्ता
ठरलं. नोटीस बदलली: "मँचेस्टरची ईर्षा. फुटबॉल. रविवार, रात्री १०. खडाखडी चालू आहे." काकांनी खाली लिहिलंय, "घोडे नाहीत, नोंद घेतली. चहा कोण देणार?"

आणि आत्ता गॅलरीत गेलो तर जर्सीशेजारी पायमोजे पण लागलेत. निळेच. हे मात्र धुतलेले आहेत, पाणी गळतंय.