मोटर स्पीड कंट्रोलला एनई५५५ की टीएलसी५५५?

सोल्डरवाला: १२ व्होल्टची डीसी मोटर मॉसफेटने (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) चालवायचीये, पल्सची रुंदी पॉटने (फिरवून बदलायचा रेझिस्टर) कमीजास्त व्हायला हवी, आणि मोटरची शिट्टी ऐकू यायला नको म्हणून २० किलोहर्ट्झच्या वर. ५५५ टायमर चिपचा कुठला प्रकार घेऊ, साधा एनई५५५ की कमी वीज खाणारा टीएलसी५५५?

कपॅसिटरकाका: मॉसफेटचं गेट (त्याला चालूबंद करणारा पाय) टायमरनेच थेट चालवणार असशील तर डोळे झाकून एनई५५५, तो २०० मिलिअँपपर्यंत देतो, टीएलसी आउटपुट वर नेताना १० च्या आसपासच देतो म्हणजे गेट रडतखडत चार्ज होणार नि मॉसफेट तापणार. टीएलसी बॅटरीच्या कामाला भारी, २ व्होल्टवर पण चालतो.

रात्रपाळी: +१. पण नेहमीच्या जोडणीत ड्युटी (पल्स चालू असण्याचा वेळेतला वाटा) ५० टक्क्यांखाली जात नाही हां, पॉटच्या दोन टोकांना उलटसुलट १एन४१४८ डायोड (एकाच दिशेने करंट सोडणारे) लाव. पॉट ५० के, कपॅसिटर १ नॅनोफॅरड, साधारण २५ किलोहर्ट्झ मिळेल. चिपच्या सप्लायच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावच, एनई स्विच होताना जोरात करंट खेचतो.

सोल्डरवाला: मोटर बंद होताना उलटा झटका देते, त्यासाठी मोटरला डायोड लागेल ना?

कपॅसिटरकाका: लागणारच, तोही फास्ट. १एन४००७ नको, तो स्लो आहे.