प्रीमियर पद्मिनी: सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का?

प्रश्न – साताराकर

नमस्कार. माझ्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचे इंजिन मूळचेच असून गाडी वडिलांनी नवी घेतलेली आहे आणि ती आजही नियमित रस्त्यावर असते. अडचण अशी, की सीबी पॉइंट (कॉईलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) फार लवकर जळतात. नवे टाकले की गाडी सुरेख चालते, पण काही आठवड्यांतच खंबाटकी घाट चढताना मिसिंग सुरू होते, आणि डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) कॅप उघडून पाहिले तर एका पॉइंटवर खड्डा व समोरच्या पॉइंटवर टोक आलेले दिसते. पॉलिश पेपर मारून तात्पुरते भागते. पॉइंट आणि कंडेन्सर यांच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसणारे इलेक्ट्रॉनिक संच आता मिळतात. ते बसवावेत, की आमचे मिस्त्री म्हणतात त्याप्रमाणे जुनी व्यवस्थाच ठेवावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – जुनेइंजिन

संच अवश्य बसवावा, परंतु पॉइंट का जळतात हे शोधल्याशिवाय बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगले पॉइंट इतक्या लवकर जात नाहीत. एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे टोक, म्हणजे ठिणगी पडून धातू एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जात आहे, आणि त्यामागे बहुधा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना कॉईलमधला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या वेटोळ्यातला) करंट एकदम तुटतो. त्या क्षणी तो सामावून घेण्याचे काम कंडेन्सरचे आहे. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड असावी लागते. हलक्या प्रतीच्या कंडेन्सरमध्ये ती नसते, किंवा त्याचा स्क्रू सैल राहून अर्थिंग नीट मिळत नाही.

दुसरा संशयित म्हणजे कॉईल. कॉईलच्या दोन्ही वायर काढून प्रायमरीचा (कॉईलमधल्या बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) रोध मोजावा. बॅलास्ट (कॉईलच्या आधी जोडलेला, करंट कमी करणारा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या व्यवस्थेत तो सुमारे ३ ओहम हवा, म्हणजे करंट ४ अँपिअरच्या आसपास राहतो. कोणी बॅलास्टवर चालणारी दीड ओहमची कॉईल तशीच जोडून दिली असेल, तर करंट जवळपास दुप्पट होतो आणि पॉइंट जळणारच. अशा कॉईलवर इलेक्ट्रॉनिक संच बसवला तर पॉइंटऐवजी संच जळेल, आणि तो पॉइंटपेक्षा कितीतरी महाग आहे.

आता फायद्याविषयी. पॉइंटचे फायबर कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, हळूहळू मागे पडते. म्हणूनच फिलर गेज घेऊन पुन्हा पुन्हा बसावे लागते. संचात घासणारा भागच नसल्यामुळे एकदा लावलेले टायमिंग टिकते. चार सिलिंडरच्या इंजिनाला ४००० आरपीएमला सेकंदाला सुमारे १३३ ठिणग्या लागतात, आणि त्या वेगातही संचाची वेळ चुकत नाही. मात्र कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर आणि प्लगच्या वायरी त्याच राहतात. पावसाळ्यात कॅपमध्ये ओल धरून होणारे मिसिंग या संचाने जाणार नाही.

उत्तर – घाटरस्ता

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात बसवण्यापूर्वीच्या एका तपासणीची भर घालतो. रोटर काढून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर बुश गेले आहे, आणि आधी ते बदलावे. चुंबकावर चालणारा संच ही झीज पॉइंटपेक्षा बरी सोसतो, पण रोटर मात्र तसाच डगमगत राहतो. आतली ॲडव्हान्सची (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी) वजने आणि स्प्रिंगही साफ करून घ्याव्यात, कारण ती अडकलेली असतील तर घाटात गाडी ओढणार नाही आणि दोष विनाकारण संचाला लागेल.

बसवताना लाल आणि काळी वायर उलट जोडली गेली तर संच तत्क्षणी निकामी होतो. डिस्ट्रिब्युटरमधली हलणारी प्लेट बॉडीला जोडणारी बारीक अर्थ वायर शाबूत आहे ना, हेही पाहावे. बसवून झाल्यावर डिस्ट्रिब्युटरला कार्ब्युरेटरशी जोडणारी व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे कार्ब्युरेटरकडचे तोंड बंद करून, स्ट्रोब लाइटने टायमिंग नव्याने लावावे. इंजिन बंद असताना रेडिओ ऐकत इग्निशन चालू ठेवण्याची सवय असल्यास ती सोडावी. अनेक संच त्यामुळेच तापून जातात.

उत्तर – मूळरूप

मी तुमच्या मिस्त्रींच्या बाजूचा आहे. पॉइंट बिघडतात ते सूचना देऊन आणि रस्त्याकडेला स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त होतात. संच गेला की गाडी जागीच थांबते. अमेरिकेत क्रायस्लरने १९७३ पासून आपल्या तिथल्या सर्व गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले, तेव्हा तंत्र नवखे आहे असे मी म्हणत नाही. पण संच बसवलाच तर काढलेली प्लेट, गॅप लावलेले पॉइंट आणि चांगला कंडेन्सर डिकीत जपून ठेवावा. मूळ व्यवस्थेत काही कापाकापी करू नये.

साताराकर

सर्वांचे मनापासून आभार. आज कॉईल मोजली. मीटरवर १.९ ओहम दिसले, आणि बॅलास्ट कुठेही नाही. शाफ्ट घट्ट आहे. कॉईलच्या आधी बाहेरून रोध जोडला तर चालेल का?

जुनेइंजिन

मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आधी काय आकडा येतो ते पाहा आणि तो वजा करा. इतक्या कमी रोधात वायरींचाच ०.३ ओहम सहज निघतो. म्हणजे तुमची कॉईल बहुधा दीड ओहमचीच आहे. बाहेरून दीड ओहमचा बॅलास्ट जोडल्यास पॉइंट वाचतील, परंतु पुढे संच बसवायचा असेल तर त्याची लाल वायर बॅलास्टच्या आधी, पूर्ण १२ व्होल्टवर घ्यावी लागेल. त्यापेक्षा ३ ओहमची कॉईल आणि खात्रीचा कंडेन्सर आणून सध्याच्याच पॉइंटवर एक महिना गाडी चालवा. पॉइंट स्वच्छ राहिले, तर त्याच कॉईलवर निर्धास्तपणे संच बसवा.