फायरफॉक्सचा लीड डेव्हलपर गुगलमध्ये गेला, तेव्हा नक्की काय झालं होतं?

टॅबवेडा

नमस्कार मंडळी. परवा ऑफिसात डबे खाताना विषय निघाला की फायरफॉक्स कोणी मारला. आमचा एक सीनियर छातीठोकपणे म्हणाला, गुगलने मारला, आणि तोही त्यांचाच माणूस फोडून. त्याचं म्हणणं, बेन गुडजर नावाचा जो फायरफॉक्सचा लीड होता त्याला गुगलने उचललं, त्याच्याकडून क्रोम बनवून घेतलं आणि खेळ खल्लास.

मी घरी येऊन तारखा बघितल्या तर गणित बसेना. फायरफॉक्स १.० आला ९ नोव्हेंबर २००४ ला. गुडजर गुगलमध्ये गेला जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत. आणि क्रोम आलं २ सप्टेंबर २००८ ला. मग मधली साडेतीन वर्षं हा माणूस करत काय होता? फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने त्याला जाऊ कसं दिलं? बोंबाबोंब कशी नाही झाली? आपल्याकडे टीम लीड समोरच्या कंपनीत चाललाय असं नुसतं कळलं तरी संध्याकाळपर्यंत त्याचे सगळे अ‍ॅक्सेस काढून घेतात.

जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

जुनाखोंड

पहिली गोष्ट, फायरफॉक्स मेलेला नाही, हा प्रतिसाद मी त्यातूनच टाईप करतोय.

आता मुद्द्याचं. गुडजरने स्वतःच्या ब्लॉगवर २४ जानेवारी २००५ ला जाहीर केलं की १० तारखेपासून आपला पगार गुगल देतंय, पण फायरफॉक्सचं लीडपद तसंच राहणार, थोडा वेळ फायरफॉक्सला आणि थोडा गुगलच्या बाकी कामाला. म्हणजे तो गेला आणि गेला पण नाही. खुर्ची तीच, काम तेच, फक्त पगाराची स्लिप बदलली. तुम्हाला हे विचित्र वाटतंय कारण तुम्ही कंपनीच्या चष्म्यातून बघताय. मोझिला तेव्हा कंपनी म्हणावी अशी नव्हतीच हो. जुलै २००३ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने आपल्या मालकीच्या, मोझिलाला जन्म देणाऱ्या नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीचं दुकान गुंडाळलं, माणसं काढली, जाताना २० लाख डॉलर हातावर ठेवले आणि त्यातून मोझिला फाउंडेशन उभं राहिलं. तिथे पगारी माणसं मूठभर. बाकी कोड लिहिणारे कोणी आयबीएमच्या पगारावर, कोणी सनच्या, कोणी रेड हॅटच्या, आणि कितीतरी जण फुकट. त्यात अजून एकाचा पगार गुगल द्यायला लागलं तर कोणाच्या पोटात दुखणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुगल तेव्हा प्रतिस्पर्धी नव्हतंच. त्यांच्याकडे ब्राउझरच नव्हता! फायरफॉक्स उघडला की पहिलं पान गुगलचं, वर कोपऱ्यातली सर्च पेटी गुगलची, त्यातून मोझिलाला पैसे. खरा दुश्मन होता मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) ६. तो २००१ ला आला आणि मग मायक्रोसॉफ्ट हात झटकून बसलं ते थेट २००६ च्या आयई ७ पर्यंत. पाच वर्षं! ज्यांनी त्या काळात वेबसाइटी बनवल्यात त्यांना विचारा, पीएनजी चित्राच्या पारदर्शक भागात करडा ठोकळा दिसायचा आणि आम्ही त्याच्यावर फिल्टरचे जुगाड लावत रात्री काढायचो. तेव्हा फायरफॉक्सला कोणीही हात दिला असता तर आम्ही त्याची आरतीच केली असती.

सनीवेलकर

वरच्या प्रतिसादाला +१, पण त्यात एक मसाला राहिला.

गुगल तेव्हा ब्राउझर बनवत नव्हतं हे बाहेरच्यांना वाटायचं, अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सला अजिबात वाटत नव्हतं. गुडजरची बातमी येऊन महिनाही झाला नव्हता आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जॉब्सने गुगलच्या संस्थापकांपैकी सर्गेई ब्रिनला फोन करून झापलं. कशावरून, तर गुगल अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरच्या टीममधली माणसं उचलायला बघतंय म्हणून. तुम्ही ब्राउझर बनवताय याची मला खात्री आहे, यातल्या एकालाही घेतलंत तर ते युद्ध समजेन, असा एकंदर सूर. ब्रिनने सांगितलं की आम्ही ब्राउझर बनवत नाही, आमच्याकडे मोझिलाची माणसं आहेत पण ती मुख्यतः फायरफॉक्सवर काम करतात. आणि नंतर आपल्याच लोकांना मेल टाकून हे सगळं कळवताना वर लिहिलं की आपण सुधारित आवृत्ती काढूही शकतो हे मी त्याला बोललो नाही, अजून काही ठरलेलं नाही. हे मेल पुढे कोर्टात बाहेर आले म्हणून आपल्याला माहीत. मला तर हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भारी भाग वाटतो, कारण सगळी कुंडली त्या एका मेलमध्ये मांडलेली आहे, अर्धं सांगितलेलं आणि अर्धं गिळलेलं.

त्या फोननंतर काही दिवसांतच या कंपन्यांनी एकमेकांची माणसं फोडायची नाहीत असं आतल्या आत ठरवून टाकलं. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अ‍ॅपल, गुगल, इंटेल, अडोबी, इंट्युट आणि पिक्सार अशा सहा जणांना धरलं, पुढे सुमारे ६४ हजार कर्मचाऱ्यांच्या वतीने दावा लागला आणि २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरवर तोडगा मंजूर झाला. का लपूनछपून करावं लागलं? कारण कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यावर समोरच्याकडे जाऊ नकोस असं करारात लिहून घेतलं तरी ते चालत नाही. मग साहेब लोकांनी हाताखालच्यांना न विचारता आपसात ठरवलं.

शंकासुर

जुनाखोंड काका, आदर ठेवून सांगतो, एवढं भोळं चित्र नका रंगवू.

गुगलने गुडजरला आणि डॅरिन फिशरसारख्या मोझिलाच्या मुरलेल्या लोकांना काय धर्मादाय म्हणून पोसलं का? गुगलचे तेव्हाचे सीईओ एरिक श्मिट ब्राउझर काढायच्या विरोधात होते, ऐन वाढीच्या काळात मायक्रोसॉफ्टशी ब्राउझरवरून भांडण नको म्हणून. मग गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि ब्रिनने फायरफॉक्सची काही माणसं घेतली, त्यांनी डेमो बनवला, आणि तो इतका चांगला निघाला की श्मिटना मत बदलावं लागलं. हे श्मिट यांनीच नंतर सांगितलंय. म्हणजे ज्या साडेतीन वर्षांबद्दल धागाकर्ता विचारतोय त्यात हे शिजत होतं. आधी फायरफॉक्सला हातभार, मग हळूहळू स्वतःचं.

आणि जाताना कोड नाही गेला हो, कोड तर सगळ्यांसाठी उघडाच होता. गेला तो अनुभव. मोझिलाच्या कोडमध्ये कुठे काय चुकलंय, परत करायचं झालं तर काय वेगळं करायचं, हे ज्यांच्या डोक्यात होतं ती डोकी गेली. क्रोमची मुख्य करामत काय, तर प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये, एक पान झोपलं तर बाकीची चालू. कोऱ्या कागदावर सुरुवात केली म्हणून जमलं. मोझिलाने तेच करायला इलेक्ट्रोलिसिस नावाचा प्रोजेक्ट २००९ मध्ये काढला आणि तो साध्या वापरणाऱ्यांपर्यंत पोचला ऑगस्ट २०१६ मध्ये, फायरफॉक्स ४८ बरोबर. सात वर्षं! कारण जुने अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) ब्राउझरच्या पार आतड्यांत हात घालून बसलेले, काहीही हलवलं की दहा ठिकाणी तुटायचं. लोक फायरफॉक्स वापरायचे तेच मुळी त्या अ‍ॅड-ऑनसाठी, त्यामुळे तोडायचीही चोरी. चालत्या एसटीचं इंजिन बदलण्यातला प्रकार.

टॅबवेडा

वा, धागा काढल्याचं सार्थक झालं. पण शंकासुर, मग आमचा सीनियर बरोबरच म्हणायचा की काय? फितुरीच झाली ना ही?

जुनाखोंड

फितुरी कसली डोंबलाची. शंकासुर म्हणतोय त्यातला अनुभवाचा भाग मान्य, पण ही वाट गुडजरच्या आधीच पडलेली. ज्या दोघांनी फायरफॉक्स सुरू केला, डेव्ह हायट आणि ब्लेक रॉस, त्यातला हायट २००२ मध्येच अ‍ॅपलकडे गेला, म्हणजे फायरफॉक्स हे नावसुद्धा ठरलं नव्हतं तेव्हा. आणि तो खरोखर ब्राउझर बनवायलाच गेला. ७ जानेवारी २००३ ला सफारी जाहीर झालं. तिथे त्याचा साहेब डॉन मेल्टन, तोही नेटस्केपचाच. आता गंमत बघा, ही मोझिलाची मुरलेली माणसं, आणि त्यांनी मोझिलाचं गेको इंजिन (वेबपान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) घेतलंच नाही, केडीई या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पवाल्यांचं केएचटीएमएल इंजिन घेतलं. मेल्टनने केडीईवाल्यांना मेल टाकून कारणही सांगितलं होतं, १ लाख ४० हजार ओळींपेक्षा कमी कोड आहे, स्वच्छ आहे. गेकोच्या आकाराबद्दल यापेक्षा बोलकी टीका दुसरी नसेल.

त्याच केएचटीएमएलचं पुढे वेबकिट झालं. आणि २००८ मध्ये क्रोम आलं तेव्हा त्यात काय होतं? वेबकिट! म्हणजे मोझिलातून अ‍ॅपलला गेलेल्यांनी घडवलेलं इंजिन मोझिलातून गुगलला गेलेल्यांनी उचललं. मोझिलाच्याच दोन पिढ्यांनी दोनदा वेगवेगळ्या घरी बसून गेको नको म्हटलं. माझ्या मते सगळ्या कथेत दुखणं असेल तर ते इथे आहे. गुडजर मोझिलातच राहिला असता तरी हे इंजिन त्याने एका रात्रीत हलकं केलं नसतं.

शंकासुर

हे मात्र पटलं. पण पैशाचं बोला ना. २००६ मध्ये मोझिलाची कमाई साधारण ६.७ कोटी डॉलर, त्यातले ८५ टक्के गुगलकडून. आणि क्रोम यायच्या जेमतेम काही दिवस आधी तोच सर्चचा करार २०११ पर्यंत वाढवला. ज्याच्या जिवावर चूल पेटते तोच समोर दुकान टाकतोय, ओरडणार कोणाकडे? बोंबाबोंब का झाली नाही याचं निम्मं उत्तर इथे आहे.

सनीवेलकर

निम्मं मान्य. पण उरलेलं निम्मं असं की मोझिलाच्या जाहीरनाम्यात वेब सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं असं लिहिलंय, सगळ्यांनी फायरफॉक्सच वापरा असं नाही. तिथल्या बऱ्याच जणांना क्रोम आल्यावर धाकधूक होती आणि आनंदही होता, कारण आयईला अजून एक धक्का बसणार होता. क्रोम जाहीर करताना गुगलनेही सांगितलं होतं की आम्ही वेबकिटचे आणि फायरफॉक्सचे भाग वापरलेत. त्या आनंदाची किंमत नंतर कळली तो भाग वेगळा.

हिंजवडीचा_हमाल

पॉपकॉर्न घेऊन वाचतोय, मस्त चाललंय. थोडं अवांतर. सनीवेलकर, तुमच्याकडे तो करार चालत नाही म्हणालात, आपल्याकडे काय? मी मागच्या कंपनीतून निघताना एचआरने एक कागद पुढे केला, वर्षभर कुठल्याही स्पर्धक कंपनीत जाणार नाही म्हणून सही करा, नाहीतर रिलिव्हिंग लेटर अडकेल. ९० दिवसांचा नोटीस पीरियड भरून, केटी (हातातलं काम दुसऱ्याला समजावून देणं) देऊन, वर हे. केली सही आणि गेलो तिथेच जिथे जायचं होतं. अजून पत्र आलेलं नाही पण दर महिन्याला धाकधूक.

सनीवेलकर

निवांत झोप. भारतीय करार कायद्याचं कलम २७ बघ, धंदा-व्यवसाय करण्यापासून कोणाला अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नकोस हे बंधन चालतं, सोडल्यानंतरचं कोर्टात सहसा टिकत नाही. आणि गंमत म्हणजे तो कायदाही १८७२ चा आणि कॅलिफोर्नियाचा नियमही १८७२ चाच. दोन्हीचं मूळ न्यूयॉर्कच्या एका वकिलाने केलेल्या मसुद्यात. त्याच्या स्वतःच्या न्यूयॉर्कने तो मसुदा घेतला नाही, हिंजवडीला मात्र लागू झाला!

फक्त कंपनीचा कोड, कस्टमरची यादी वगैरे काही सोबत नेलं असशील तर गोष्ट वेगळी, त्याला हे कलम वाचवत नाही. आणि रिलिव्हिंग लेटर अडवणं हा वेगळा त्रास आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढ, इथे वकील मंडळी आहेत दोन-तीन.

टॅबवेडा

सगळ्यांचे आभार. उद्या डब्याच्या वेळी सीनियरला जॉब्सच्या फोनचा किस्सा ऐकवतो. तो स्वतः सगळीकडे क्रोम वापरतो हे सांगायचं राहिलंच होतं.