शिक्षा नक्की कुणाला झाली?
‘ब्लॅक मिरर’ या विज्ञानकथा मालिकेच्या ‘व्हाइट ख्रिसमस’ (२०१४) भागाबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय की पूर्वीच्या प्रेयसीच्या वडिलांचा जीव घेणाऱ्या जोला मिळाली ती शिक्षा योग्यच. अहो, पण ती जोला मिळतच नाही! तो खरा कोठडीत बसलाय. भोगतेय त्याच्या मनाची डिजिटल प्रत, जिने स्वतः कुणाचा जीव घेतलेला नाही, नुसत्या आठवणी तिच्या वाट्याला आल्यात. तो म्हातारा आणि त्याची लहान नात गेली याची हळहळ मलाही आहे, पण न्याय असा होत नाही. अंगावर येतो तो पोलिसांचा सहजपणा. ख्रिसमसच्या सुट्टीला निघताना त्या प्रतीला आपल्या एका मिनिटात १००० वर्षं भोगावी लागतील असा वेग लावून मोकळे! आणि तिच्या कानावर एकच ख्रिसमसचं गाणं अखंड चालू. त्यापुढे, त्या प्रतीकडून कबुली काढून घेणाऱ्या मॅटला सगळ्यांनी ब्लॉक करणंही (म्हणजे त्याला कुणाशीच बोलता न येणं) मला सौम्य वाटलं.