विषय: ए अँड ईत बाबांची एचआयव्ही टेस्ट, न विचारता?

नमस्कार मंडळी,
गुरुवारी रात्री बाबांच्या छातीत जळजळायला लागलं म्हणून इथल्या ए अँड ईत (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात) नेलं. (ॲसिडिटीच निघाली. एकादशीचे साबुदाणा वडे भोवले.) निघताना भिंतीवरचं पोस्टर दिसलं: इथे रक्त काढलं की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी हेही तपासतो, नको असेल तर सांगा. आम्हाला कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. बाबा ७१ वर्षांचे, सांगलीचे निवृत्त हेडमास्तर. दोन दिवस एकच विचारतायत, "माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं असेल?" व्हिसाला काही अडचण येईल का?
मृणाल, हॅरो (लंडन)

मृणाल,
मी ए अँड ईतच नर्स आहे. बाबांकडे बघून कुणाला काहीही वाटलेलं नाही, आणि हीच तर गंमत आहे. चेहरा बघून टेस्ट लिहायचे तेव्हा साठीतल्या काकू, संसारी काका हमखास सुटायचे. कळायचं ते थेट न्यूमोनिया होऊन ॲडमिट झाल्यावर. म्हणून एप्रिल २०२२पासून लंडन, मँचेस्टर, ब्रायटन, ब्लॅकपूलला सरसकट सुरू केलं. एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस बी जास्त सापडतो, आणि तो आपल्या लोकांतही असतो बरं का. व्हिसाशी काही संबंध नाही. इंग्लंडमध्ये एचआयव्हीचे उपचार २०१२पासून पाहुण्यांनाही मोफत आहेत.
पण तोंडाने सांगायला हवं होतं, हे शंभर टक्के. रात्री एक वाजता छाती धरून बसलेला माणूस इंग्रजी पोस्टर वाचत बसतो होय?
शुभदा

शुभदाताई, भारतात तर २०१७चा कायदाच आहे, संमतीशिवाय ही टेस्ट करायची नाही. तरी पुण्यात माझ्या हर्नियाच्या वेळी ती 'रुटीन'मध्ये उरकलेली. मला कळलं बिल बघून! इथे निदान पोस्टर तरी लावतात.
सतीश
(ता.क. गणपतीच्या पॉटलकची यादी अजून अर्धीच भरली आहे.)

शुभदाताई, बाबांना वाचून दाखवलं. "म्हणजे अख्ख्या वर्गाला एकच पेपर," म्हणाले आणि दोन दिवसांनी नीट जेवले. पण फोन आला नाही म्हणजे निगेटिव्ह, हे काही त्यांना पटत नाहीये. रिझल्ट लेखी हवाय, सहीशिक्क्यानिशी. कुठे मागायचा?
मृणाल